विद्युत् निर्मितीतील दगडी कोळसा व खनिज तेल, भारतातील

दगडी कोळसा व खनिज तेल ही भूगर्भात साठून राहिलेली जीवाश्म इंधने होत. त्यांच्या ज्वलनाने मिळणाऱ्या उष्णतेचे प्रथम यांत्रिक आणि नंतर विद्युत् ऊर्जेत रूपांतर करणाऱ्या केंद्रांना औष्णिक विद्युत् केंद्रे म्हणतात. अणुकेंद्रातही वाफेच्याच साहाय्याने वीज निर्माण होते. तथापि रूढ व्यवहारात औष्णिक केंद्र म्हणजे इंधन जाळणारे केंद्र असाच अर्थ घेतला जातो. भारतातील वीजपुरवठ्याचा मुख्य भार कोळशाने उचलला आहे. तेलाचे स्थान आकड्यांच्या दृष्टीने सदैव गौण राहिले असले, तरी ज्या ज्या वेळी कोळसा कमी पडला किंवा पोहोचू शकला नाही, त्या त्या वेळी तेलाकडेच धाव घ्यावी लागली आहे. त्यामुळे या दोन इंधनांचा विचार एकत्रच करणे सयुक्तिक ठरते.

मार्च २०२४ अखेर देशातील केंद्रांची एकूण स्थापित क्षमता सु. ४,४२,००० मेवॉ. (मेगॅवॉट) होती व तीपैकी कोळसा आणि लिग्नाइट यांवरील क्षमता सु. २,१७,६०० मेवॉ., म्हणजे निम्म्याहून किंचित कमी होती. प्रत्यक्ष निर्माण झालेल्या विजेत मात्र कोळशाचा वाटा सु. तीन-चतुर्थांश होता. या दोन आकड्यांतील तफावत पुष्कळदा गैरसमजास कारण होते. सौर केंद्र रात्री बंद असते आणि पवनचक्की वाऱ्याच्या लहरीवर चालते. त्यामुळे त्यांच्या क्षमतेच्या एक-पंचमांश ते एक-चतुर्थांश एवढाच सरासरी उपयोग होतो. कोळशाच्या केंद्रांचा संयंत्र भारांक (प्रत्यक्ष निर्मितीचे पूर्ण क्षमतेने होऊ शकणाऱ्या निर्मितीशी असलेले शेकडा प्रमाण) त्या वर्षी सु. ६९ होता. तेव्हा केवळ क्षमतेचे आकडे पाहून कोळशाचे महत्त्व ओसरले असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल.

इतिहास : भारतात कोळशाचे खाणकाम १७७४ मध्ये राणीगंज भागात सुरू झाले, परंतु विजेसाठी त्याचा उपयोग होण्यास सव्वाशे वर्षे जावी लागली. देशातील पहिले सार्वजनिक वीज केंद्र जलशक्तीवर चालणारे होते (दार्जिलिंगजवळील सिद्रापाँग, १८९७, क्षमता १३० किवॉ.). कोळशावरील पहिले केंद्र कलकत्त्यातील इमामबाग लेन येथे १८९९ मध्ये सुरू झाले व त्याची क्षमता १,००० किवॉ. होती. मुंबईत १९०५ मध्ये वाडी बंदर येथे वाफेवर चालणारे केंद्र उभारण्यात आले. त्याच्या विजेवर १९०७ पासून शहरात ट्रामगाड्या धावू लागल्या. मुंबई कोळशाच्या खाणींपासून दूर असल्याने येथे वाफेची वीज महाग पडे. टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत् केंद्राची वीज १९१५ मध्ये मुंबईस मिळू लागली, तेव्हा गिरण्यांनी ती तत्परतेने घेतली, यामागे हेच कारण होते. उलटपक्षी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने आपल्या विद्युतीकरणासाठी ठाकुर्लीजवळ चोळा येथे उभारलेले केंद्र कोळशावर चालणारे होते; कोळसा वाहून आणण्याचे साधन रेल्वेच्या हातचेच होते.

स्वातंत्र्याच्या वेळी (१९४७) देशाची एकूण क्षमता अवघी १,३६२ मेवॉ. होती. तीपैकी ७५६ मेवॉ. कोळशावरील, ९८ मेवॉ. डीझेलवरील आणि ५०८ मेवॉ. जलविद्युत् होती. डीझेलचा हा वाटा आज आश्चर्यकारक वाटण्याजोगा आहे. पण तालुक्याच्या गावी व लहान संस्थानांच्या राजधान्यांत त्या काळी वीज म्हणजे सायंकाळी काही तास चालणारे डीझेल एंजिन होते. १९४८ च्या विद्युत् पुरवठा अधिनियमानुसार राज्य वीज मंडळे स्थापन होऊ लागली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या दामोदर खोरे महामंडळाने १९५३ मध्ये बोकारो येथे त्या काळातील देशातील सर्वांत मोठे औष्णिक केंद्र सुरू केले. पूरनियंत्रणासाठी निर्माण झालेल्या या महामंडळाची बहुतेक सर्व वीज आज पाण्यापासून नव्हे, तर कोळशापासून होते, ही गोष्ट लक्षणीय आहे.

पहिल्या तीन योजनांच्या काळात भाक्रा, कोयना, हिराकूद यांसारखे प्रकल्प पुरे झाल्याने जलविद्युत् व कोळसा यांची जवळजवळ बरोबरी झाली होती. मार्च १९६६ अखेर कोळशावरील क्षमता ४,४१७ मेवॉ., तर जलविद्युत् क्षमता ४,१२४ मेवॉ. होती. १९६५–६६ व १९६६–६७ या लागोपाठच्या अवर्षणांनी केवळ पाण्यावर भिस्त ठेवण्यातील धोका दाखवून दिला. पुढे १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले आणि इंधन धोरण समितीने (१९७४) कोळसा हाच देशाच्या ऊर्जापुरवठ्याचा मुख्य आधार मानावा, अशी शिफारस केली. त्याच सुमारास कोळशाच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले (कोकक्षम कोळसा १९७२, इतर कोळसा १९७३). १९७५ मध्ये कोल इंडिया व राष्ट्रीय औष्णिक विद्युत् निगम या दोन सार्वजनिक कंपन्या स्थापन झाल्या. निगमाचा पहिला संच १९८२ मध्ये सिंगरौली येथे, खाणीच्या तोंडाशी, सुरू झाला. मार्च १९९० पर्यंत कोळशावरील क्षमता ४१,२३६ मेवॉ. झाली. सोळा वर्षांपूर्वी ती ८,६५२ मेवॉ. होती.

क्षमता वाढली तरी वीज त्या मानाने वाढली नाही. १९८०–८१ मध्ये औष्णिक केंद्रांचा संयंत्र भारांक सु. ४५ होता, म्हणजे निम्म्याहून अधिक यंत्रसामग्री कोणत्या ना कोणत्या कारणाने निरुपयोगी पडून होती. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील वीजविषयक समितीने (१९८०) या परिस्थितीची सविस्तर चिकित्सा केली होती. देखभालीची हेळसांड आणि मंडळांची आर्थिक दुरवस्था ही कारणे त्यात होतीच; पण मुळाशी कोळशाच्या प्रतीचा प्रश्न होता.

भारतीय कोळशाचे स्वरूप : देशातील विजेसाठी वापरला जाणारा बहुतेक दगडी कोळसा गोंडवनी कालखंडातील असून तो दामोदर, सोन, महानदी, गोदावरी व वर्धा या नद्यांच्या खोऱ्यांत आढळतो. वनस्पतिजन्य द्रव्य प्रवाहाबरोबर वाहत येऊन गाळासह साचल्यामुळे हा कोळसा बनला, असे सामान्यतः मानले जाते. त्यामुळे मातीचे व शेलचे सूक्ष्म कण त्यात इतके एकजीव झालेले असतात की, धुऊनही ते पुरतेपणी वेगळे होत नाहीत. वीज केंद्रांना मिळणाऱ्या कोळशात ३० ते ४५ टक्के राख असते. ऑस्ट्रेलियातून किंवा इंडोनेशियातून येणाऱ्या कोळशात हे प्रमाण बरेच कमी असते. दुसरीकडे गंधकाचे प्रमाण केवळ अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते (आसामचा तृतीयक कालखंडातील कोळसा याला अपवाद असून त्यात ते २ ते ५ टक्के किंवा त्याहूनही अधिक असते).

वीज केंद्रांच्या कोळशाची प्रत ठरविण्यासाठी १९७९ पासून ‘उपयुक्त उष्मामूल्य’ ही संकल्पना योजली जात असे. त्याचे सूत्र असे :

उपयुक्त उष्मामूल्य (किकॅलरी प्रति किग्रॅ.) = ८,९०० − १३८ (राख + जलांश)

यात राख व जलांश ही शेकडा प्रमाणे होत. उदा., ३८ टक्के राख व ८ टक्के जलांश असलेल्या कोळशाचे उपयुक्त उष्मामूल्य २,५५२ येते व तो ‘फ’ प्रतीत मोडतो. प्रत्यक्षात असा एक किग्रॅ. कोळसा जाळल्यास सु. ३,८०० किकॅलरी उष्णता मिळते. सूत्रात राखेला जाणूनबुजून जबर दंड ठेवलेला होता. कारण राख केवळ निरुपयोगी नसते, ती वाहून न्यावी लागते, दळावी लागते, तापवावी लागते आणि अखेरीस तिची विल्हेवाटही लावावी लागते. २०१२ पासून एकूण उष्मामूल्यावर आधारलेली सतरा प्रतींची पद्धत लागू करण्यात आली. प्रत ठरविण्यावरून खाण आणि वीज केंद्र यांच्यातील वाद मात्र दोन्ही पद्धतींत चालूच राहिले. खाणीपाशी काढलेला नमुना आणि केंद्रात वाघिणी रिकाम्या करताना घेतलेला नमुना यांची प्रत क्वचितच जुळते, आणि फरकाची किंमत शेवटी ग्राहकाच्या देयकात उतरते.

परदेशी आराखड्यांवर बांधलेल्या जुन्या बाष्पित्रांना हा कोळसा मानवला नाही. राखेतील क्वॉर्ट्‌झचे कण दळणयंत्रांचे रूळ व बाष्पित्रातील नळ्या झिजवीत, नळ्या फुटत आणि संच बंद पडत. वायूबरोबर वर जाणारी राख पकडणाऱ्या स्थिर विद्युत् अवक्षेपकांची अडचण याहून मजेशीर आहे. गंधक कमी असणे हा खरे तर कोळशाचा गुण. परंतु धुरात गंधकाची संयुगे कमी असल्याने राखेच्या कणांचा विद्युत् रोध वाढतो आणि ते पट्ट्यांकडे नीट ओढले जात नाहीत. त्यामुळे भारतीय केंद्रांत अवक्षेपक परदेशांतील केंद्रांच्या मानाने पुष्कळ मोठे बांधावे लागतात. भारत हेवी इलेक्ट्रिकल्स या सार्वजनिक कंपनीने देशी कोळसा गृहीत धरून बाष्पित्रे बनविण्यास सुरुवात केल्यावर आणि २००/२१० मेवॉ. क्षमतेचे संच प्रमाणभूत ठरल्यावर परिस्थिती सुधारत गेली. २००७–०८ पर्यंत संयंत्र भारांक सु. ७८ वर पोहोचला होता.

निर्मितीची रीत : कोळसा प्रथम फोडून व नंतर दळून पिठासारखा बारीक करतात. हे चूर्ण गरम हवेच्या झोताबरोबर बाष्पित्राच्या भट्टीत सोडले जाते व तेथे ते वायूप्रमाणे पेट घेते. भट्टीच्या भिंतींतील नळ्यांमधील पाण्याची उच्च दाबाची वाफ होते. ती अतितापकातून टरबाइनमध्ये जाते. टरबाइनला जोडलेल्या जनित्रात वीज निर्माण होते आणि वापरलेली वाफ संघनकात थंड होऊन पुन्हा पाण्याच्या रूपात बाष्पित्राकडे परतते. एक युनिट (१ किवॉ. तास) वीज ८६० किकॅलरी उष्णतेशी तुल्य असते. केंद्राची कार्यक्षमता ३५ टक्के धरल्यास एका युनिटासाठी सु. २,४५० किकॅलरी, म्हणजे वर सांगितलेल्या प्रतीचा सु. ६५० ग्रॅ. कोळसा जाळावा लागतो. उरलेल्या उष्णतेतील बहुतेक भाग संघनकातील पाण्याबरोबर व काही धुराड्यावाटे निघून जातो.

या हिशेबावरून ५०० मेवॉ. क्षमतेच्या एका संचाचा पसारा ध्यानात येईल. तो चोवीस तास पूर्ण भाराने चालल्यास १ कोटी २० लक्ष युनिटे वीज देतो आणि त्यासाठी सु. ७,८०० टन कोळसा, म्हणजे साधारणतः दोन पूर्ण मालगाड्या, लागतो. त्यापासून रोज सु. २,९०० टन राख पडते. म्हणजे आलेल्या दोन गाड्यांपैकी पाऊण गाडी मातीच आलेली असते. वाफेचा दाब व तापमान पाण्याच्या क्रांतिक बिंदूपलीकडे नेल्यास कार्यक्षमता वाढते. अशा अतिक्रांतिक पद्धतीचा देशातील पहिला संच (६६० मेवॉ.) २०१० मध्ये मुंद्रा येथे सुरू झाला, महाराष्ट्रात कोराडी येथे असे तीन संच आहेत.

खनिज तेल : इंधन तेलाचे उष्मामूल्य किलोग्रॅममागे सु. १०,००० किकॅलरी, म्हणजे वीज केंद्रातील भारतीय कोळशाच्या अडीचपटीहून अधिक असते. त्यात राख जवळजवळ नसते, साठवण सोपी असते आणि भट्टी तत्काळ पेटविता येते. गुणांच्या तुलनेत तेल सर्वस्वी सरस आहे. अडचण फक्त किंमतीची आणि ते बहुतांशी परदेशातून आणावे लागते याची आहे.

तेलावर मोठ्या प्रमाणात वीज निर्माण करण्याचा विचार प्रथम पश्चिम किनाऱ्यावर झाला आणि तो त्या काळी सुसंगतही होता. ट्रॉम्बे (तुर्भे, मुंबई) येथे १९५४–५५ मध्ये दोन तेलशुद्धीकरण कारखाने निघाले. त्यांच्या शेजारीच १९५६ मध्ये टाटांचे औष्णिक केंद्र सुरू झाले. शुद्धीकरणानंतर उरणारे जड तेल बंगाल-बिहारच्या कोळशापेक्षा येथे सहज उपलब्ध होते. गुजरातमध्ये खंभातच्या आखाताजवळ धुवारण येथील केंद्राचेही मुख्य इंधन तेलच होते. १९७३ च्या ऑक्टोबरपर्यंत पिंपास सु. ३ डॉलर असलेला कच्च्या तेलाचा भाव जानेवारी १९७४ मध्ये सु. १२ डॉलरवर गेला आणि हे गणित कोलमडले. त्यानंतर तेल हे मुख्य इंधन धरून मोठी बाष्पकेंद्रे उभारण्याचा विचार देशाने सोडून दिला. ट्रॉम्बे येथे १९८४ मध्ये सुरू झालेला देशातील पहिला ५०० मेवॉ. चा संच कोळसा, तेल व वायू यांपैकी कोणतेही इंधन चालेल असा बांधण्यात आला, त्यामागे हाच अनुभव होता. बाँबे हायच्या शोधानंतर (१९७४) उपलब्ध झालेल्या नैसर्गिक वायूवर उरण येथे १९८२ पासून वायू टरबाइने बसविण्यात आली. वायूचा विचार स्वतंत्रपणे करणे इष्ट असल्याने येथे त्याचा विस्तार केलेला नाही [⟶ नैसर्गिक वायु].

तेलाचे पुनरागमन १९९० नंतरच्या दशकात नॅफ्थ्याच्या रूपाने झाले. १९९१ मध्ये वीजनिर्मिती खाजगी भांडवलास खुली करण्यात आली. कोळशाचे केंद्र उभे राहण्यास पाच-सहा वर्षे लागतात, तर वायू टरबाइन केंद्र दोन-तीन वर्षांत उभे राहते. देशी वायू मात्र पुरेसा नव्हता. तेव्हा तूर्त नॅफ्था आणि पुढे आयात द्रवीभूत वायू असा मार्ग सुचविण्यात आला. केरळमधील कायमकुळम, गोव्यातील झुआरीनगर येथील लहान केंद्र आणि रत्नागिरी जिल्ह्यातील अंजनवेल येथील दाभोळ प्रकल्पाचा पहिला टप्पा (७४० मेवॉ.; मे १९९९) ही याची उदाहरणे होत. दाभोळच्या विजेची किंमत डॉलरचा दर आणि नॅफ्थ्याचा भाव या दोहोंस बांधलेली होती. वर्ष-दीड वर्षातच दोन्ही चढले आणि करारानुसार वीज घेणे भाग असलेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळास ते झेपेनासे झाले. मे २००१ मध्ये केंद्र बंद पडले. २००५ मध्ये ते रत्नागिरी गॅस अँड पॉवर या कंपनीकडे सोपविण्यात आले व पुढे नैसर्गिक वायूवर चालविले गेले. या प्रकरणाची चर्चा बहुधा राजकीय अंगाने होते. तांत्रिक दृष्ट्या पाहता, आयात तेलजन्य इंधन हे चोवीस तासांच्या मूलभाराच्या विजेसाठी भारतास परवडत नाही, हा १९७४ चा धडा पंचवीस वर्षांनी पुन्हा गिरवावा लागला, असेच म्हणावे लागेल.

डीझेलवरील क्षमता २०१२ मध्ये १,२०० मेवॉ. होती, ती २०२४ पर्यंत सु. ५९० मेवॉ. पर्यंत घटली. अंदमान-निकोबार व लक्षद्वीप बेटांना मात्र मुख्यतः डीझेलच्याच विजेवर अवलंबून राहावे लागले आहे. तेथे इंधन जहाजाने पोहोचवावे लागते. याखेरीज कारखाने, रुग्णालये, चित्रपटगृहे, उंच इमारती यांतून स्वतःच्या सोयीसाठी ठेवलेल्या लहान डीझेल संचांची वीज सार्वजनिक पुरवठ्याच्या आकडेवारीत येत नाही. भारनियमनाच्या वर्षांत शहरांतील बाजारपेठांमधून फिरणाऱ्यास या संचांच्या आवाजावरून व धुरावरून त्यांच्या संख्येची कल्पना येत असे. सार्वजनिक केंद्रांत कोळसा कमी पडला की खाजगीरीत्या तेल जाळले जाते, आणि ती वीज कितीतरी पटींनी महाग पडते.

तेलाचा आणखी एक उपयोग सामान्य वाचकास सहसा ठाऊक नसतो. चूर्णित कोळसा थंड भट्टीत पेट घेत नाही. म्हणून प्रत्येक कोळसा केंद्रात संच सुरू करताना प्रथम तेल जाळून भट्टी तापवावी लागते. तसेच भार फार कमी झाला किंवा ओला, हलका कोळसा आला म्हणजे ज्योत विझू नये यासाठी तेलाचा आधार द्यावा लागतो. संच वारंवार बंद पडत, त्या काळी हा ‘दुय्यम’ खर्च फार मोठा असे. नियामकांनी मान्य केलेली मर्यादा युनिटमागे ३.५ मिलि. वरून २, पुढे १ आणि २०१४ नंतर ०.५ मिलि. पर्यंत खाली आणली गेली. केंद्राची शिस्त कशी आहे हे त्याच्या तेलाच्या टाकीवरून ओळखावे, असे या व्यवसायातील जुनी माणसे म्हणत, ते खोटे नाही.

वाहतूक : कोळशाचे साठे पूर्व व मध्य भारतात आणि विजेची मोठी मागणी पश्चिम, उत्तर व दक्षिण भारतात, ही भारतीय वीजव्यवसायाची मूळ अडचण आहे. दूरच्या केंद्रांच्या बाबतीत रेल्वेभाडे कोळशाच्या खाणीवरील किंमतीइतके किंवा तिच्याहूनही अधिक होते. यावर उपाय दोन. एक, राख कमी करून कोळसा पाठविणे : खाणीपासून १,००० किमी. हून दूर असलेल्या केंद्रांनी ३४ टक्क्यांहून कमी राखेचाच कोळसा वापरावा, असा नियम २००१ पासून लागू झाला होता. पुढे हे अंतर ५०० किमी. करण्यात आले, २०२० मध्ये तो नियमच मागे घेण्यात आला. दुसरा, कोळशाऐवजी वीजच वाहून नेणे. खाणीच्या तोंडाशी केंद्र बांधून तेथील वीज उच्च दाबाच्या तारांनी दूरवर पाठविता येते. चंद्रपूर ते पडघे (जि. ठाणे) ही ७५२ किमी. लांबीची, १,५०० मेवॉ. क्षमतेची एकदिश विद्युत् वाहिनी (१९९९) याच हेतूने उभारण्यात आली. तमिळनाडूतील नेव्हेली येथे लिग्नाइट हा जलांशयुक्त, दूर नेण्यास अयोग्य कोळसा खाणीपाशीच जाळून १९६२ पासून वीज निर्माण केली जाते.

वाहतुकीची साखळी किती ताणलेली असते, हे २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये दिसून आले. लांबलेला पाऊस, आयात कोळशाचे चढे भाव आणि एकाएकी वाढलेली मागणी यांमुळे केंद्रांतील साठा सरासरी चार दिवसांपुरता उरला होता. २०२२ च्या उन्हाळ्यात कोळशाच्या गाड्यांना वाट देण्यासाठी अनेक प्रवासी गाड्या रद्द कराव्या लागल्या. देशातील उत्पादन २०२३–२४ मध्ये ९९.७ कोटी टनांवर गेले व पुढील वर्षी त्याने १०० कोटी टनांचा टप्पा ओलांडला. मुंद्रा येथील आयात कोळशावर आधारलेल्या मोठ्या केंद्रांचा अनुभव तेलाच्या अनुभवाशी मिळताजुळता आहे. इंडोनेशियाने निर्यात कोळशाच्या किंमतींचे नियम बदलताच (२०१०–११) स्वस्त विजेचे करार तोट्यात गेले व प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले (निकाल, २०१७).

महाराष्ट्र : राज्यातील कोळसा चंद्रपूर, यवतमाळ व नागपूर या जिल्ह्यांत वर्धा खोऱ्यात आणि कामठी-उमरेड भागात सापडतो. त्यामुळे कोराडी, खापरखेडा व चंद्रपूर ही केंद्रे विदर्भात आहेत. चंद्रपूरचे केंद्र (पहिला संच १९८३, सध्याची क्षमता २,९२० मेवॉ.) राज्यातील सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक आहे. पारस, भुसावळ, नासिक व परळी ही केंद्रे खाणींपासून दूर, पण मागणीच्या जवळ अशी आहेत. विदर्भाने धूर सोसावा आणि वीज पश्चिम महाराष्ट्राने वापरावी, ही तक्रार जुनी असून ती पूर्णपणे निराधार म्हणता येणार नाही.

राख, पाणी व हवा : अवक्षेपकात पकडलेली राख पाण्यात कालवून नळांनी राख-तलावात सोडण्याची पद्धत सर्वत्र रूढ होती. हे तलाव शेकडो हेक्टर जमीन व्यापतात. तेथील पाणी मुरून विहिरी बिघडतात, उन्हाळ्यात वाळलेली राख वाऱ्याने शेतांवर व घरांत येते. सिंगरौली भागात रिहांद धरणासाठी एकदा उठलेल्या अनेक कुटुंबांना पुढे खाणी व वीज केंद्रे यांसाठी पुन्हा उठावे लागले. त्याच भागात एप्रिल २०२० मध्ये एका केंद्राच्या राख-तलावाचा बांध फुटून माणसे मृत्युमुखी पडली. नागपूरजवळ कोराडी केंद्राचा खसाळा येथील राख-बंधारा जुलै २०२२ मधील अतिवृष्टीत फुटला. उडती राख सिमेंट, विटा व रस्ते यांसाठी उत्तम उपयोगी पडते व १९९९ च्या अधिसूचनेने तिचा वापर बंधनकारक केल्यापासून तो पुष्कळ वाढला आहे. तथापि जुन्या तलावांत साठलेल्या राखेचा प्रश्न त्याने सुटत नाही.

पाण्याची गरजही मोठी असते. शीतन मनोऱ्यांच्या केंद्रात दर मेवॉ. तासास सु. ३.५ घ.मी. पाणी धरल्यास ५०० मेवॉ. च्या संचास रोज ४ कोटी लिटरांहून अधिक पाणी लागते. परळीचे केंद्र २०१३ मध्ये खडका बंधारा आटल्यामुळे बंद ठेवावे लागले. कोराडी केंद्र नागपूर शहराचे शुद्ध केलेले सांडपाणी वापरते. अवर्षणप्रवण भागातील केंद्रांनी हा मार्ग यापूर्वीच धरावयास हवा होता.

धुरातील धूलिकण, गंधक व नायट्रोजन यांची ऑक्साइडे आणि पारा यांच्यावर डिसेंबर २०१५ मध्ये कडक मर्यादा घालण्यात आल्या. गंधक काढून टाकणारी यंत्रणा बसविण्याची मुदत वारंवार वाढविण्यात येऊन अखेर जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना त्यातून सूट देण्यात आली. कोळशात गंधक कमी आहे, हे सूट देण्यामागील समर्थन होय. परंतु एका टनातील गंधक थोडे असले, तरी जाळल्या जाणाऱ्या टनांची संख्या थोडी नाही. ट्रॉम्बे आणि डहाणू येथे समुद्राच्या पाण्याने धूर धुणारी यंत्रणा फार पूर्वीच बसविलेली होती, हे येथे नमूद केले पाहिजे. कार्बन डाय-ऑक्साइडचे प्रमाण युनिटमागे सु. १ किग्रॅ. पडते व त्यावर धूर धुण्याचा इलाज चालत नाही.

सद्यःस्थिती : जून २०२५ अखेर स्थापित क्षमतेत जीवाश्म इंधनांव्यतिरिक्त स्रोतांचा वाटा ५० टक्क्यांवर गेला. भारताने २०७० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले आहे (ग्लासगो, २०२१). मे २०२४ मध्ये मागणीने २,५०,००० मेवॉ. चा उच्चांक गाठला तेव्हा दुपारच्या मागणीचा मोठा भाग सौर विजेने भागविला. सूर्यास्तानंतर मात्र ती जागा मुख्यतः कोळशालाच घ्यावी लागते. त्यामुळे एका समान भाराने अहोरात्र चालण्यासाठी बांधलेल्या संचांना आता दुपारी भार उतरवून सायंकाळी पुन्हा चढवावा लागतो. संचांनी किमान ५५ टक्के भारापर्यंत खाली यावे असा दंडक होता. २०२३ च्या विनियमांनुसार टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत येण्याची क्षमता त्यांना आणावयाची आहे. अशा चढ-उतारांनी जाड भिंतींच्या नळ्यांत व टरबाइनच्या आवरणांत औष्णिक ताण निर्माण होऊन त्यांचे आयुष्य घटते, कार्यक्षमता उतरते आणि कमी भारावर ज्योत टिकविण्यासाठी पुन्हा तेलाचा आधार घ्यावा लागतो. भारतीय कोळशातील राखेचे बदलते प्रमाण पाहता ४० टक्के भारावर स्थिर ज्वलन कितपत साधेल, याच्या चाचण्या निरनिराळ्या केंद्रांत घेण्यात आल्या आहेत. उदंचन जलविद्युत् प्रकल्प व मोठ्या विद्युत् घटमाला यांची उभारणी ज्या गतीने होईल, त्या गतीवर कोळशाच्या संचांना हे काम किती वर्षे करावे लागेल, ते अवलंबून आहे.